पक्षाघातानंतर हाताची थेरपी: रोबोट कोणासाठी, कधी आणि किती

पक्षाघाताच्या झटक्यानंतर पाय बहुधा आधी सावरतो. माणूस काठीच्या आधाराने चालू लागतो, पण हात पोटाशी दुमडलेलाच राहतो. मग कोणीतरी सांगतं की शहरातल्या एका सेंटरला रोबोट आलाय, त्यात हात घातला की हलायला लागतो. घरच्यांपुढे प्रश्न उभा राहतो: चालू आहे तीच फिजिओथेरपी पुढे न्यायची, की पैसे उभे करून मशीनकडे जायचं?

याचं उत्तर हाताच्या आजच्या अवस्थेवर ठरतं, आणि ती अवस्था घरीसुद्धा बऱ्यापैकी ओळखता येते. रोबोटमध्ये जादू नाही. तो एक हालचाल न थकता शेकडो वेळा करून घेतो, एवढंच त्याचं काम. ज्या हाताला नेमकं तेच हवंय त्याला रोबोटचा फायदा होतो. ज्या हाताला पेला धरायला, बटण लावायला शिकायचंय, त्याचा वेळ आणि पैसा मशीनवर घालवणं चूक आहे.

## आधी हात तपासा

रुग्णाला पाठ टेकता येईल अशा खुर्चीत बसवा, दोन्ही तळपाय जमिनीला टेकलेले. तीन हालचाली करायला सांगा, प्रत्येक तीन वेळा. मोबाइलवर व्हिडिओ घ्या, कारण महिन्याभराने तुलना करायला तोच लागेल.

पहिली, हात शरीरापासून बाजूला उचलायचा. दुसरी, टेबलावर ठेवलेला हात पुढे सरकवत कोपर सरळ करायचं. तिसरी, मूठ उघडायची आणि मनगट वर उचलायचं. हे चालू असताना फक्त हाताकडे पाहू नका, धडाकडेही पाहा. खांदा कानाकडे चढतोय का, कंबरेतून पुढे झुकून हात पुढे गेल्यासारखा दिसतोय का? तसं होत असेल तर ती हालचाल हाताची नाही, धडाची आहे.

तिघांत बोटं उघडण्याला सर्वात जास्त वजन द्या. नेदरलँड्समधल्या २०१० च्या एका अभ्यासात झटक्यानंतर ७२ तासांच्या आत ज्यांचा खांदा थोडा बाजूला उचलला जात होता आणि बोटंही थोडी उघडत होती, त्यांच्यापैकी ९८ टक्के लोकांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परत आलं होतं. ज्यांना दोन्ही जमलं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण २५ टक्के होतं. म्हणजे सुरुवातीला बोटं हलली नाहीत म्हणून हात संपला असं नाही, पण पुढचा आराखडा वेगळा आखावा लागतो.

साधारण तीन अवस्था दिसतात:

पहिली अवस्था: हातात स्वतःहून काहीच हालचाल नाही, किंवा जांभई देताना, शिंकताना आपोआप दुमडतो तेवढंच.

दुसरी अवस्था: खांदा आणि कोपर थोडे हलतात, टेबलावर आधार दिला तर हात पुढे सरकतो, पण हवेत उचलला की जड होऊन कोसळतो. मूठ वळते, उघडत नाही.

तिसरी अवस्था: मनगट निदान १० अंश वर उचललं जातं, अंगठा आणि आणखी दोन बोटं थोडी का होईना उघडतात.

याशिवाय डोळे मिटायला सांगून बोटांना स्पर्श करून पाहा; कोणतं बोट धरलंय हे सांगता येतं का? संवेदना गेली असेल तर पुढच्या प्रत्येक व्यायामात नजर हातावर ठेवावी लागते. तसंच रुग्ण ताटातलं एका बाजूचं वाढलेलं विसरत असेल, त्या बाजूने हाक मारल्यावर वळत नसेल, तर थेरपिस्टला ते मुद्दाम सांगा. असा माणूस रोबोटच्या स्क्रीनवरच्या खेळातही ती बाजू सोडून देतो, आणि मग मशीनचे आकडे फसवे येतात.

थेरपिस्टकडून दोन आकडे लिहून घ्या. एक फुगल-मायर चाचणीचा, हाताचे गुण ६६ पैकी. दुसरा अ‍ॅक्शन रिसर्च आर्म टेस्टचा, ५७ पैकी. पहिला आकडा हात किती हलतो ते सांगतो, दुसरा आकडा हाताने किती कामं होतात ते. हे आकडे न घेता सुरू केलेल्या थेरपीत सहा आठवड्यांनी फरक पडला की नाही यावर नुसता वाद होतो.

## रोबोट नेमकं काय करतो

हाताच्या रोबोटचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिल्यात रुग्ण एक दांडा धरतो आणि टेबलाच्या पातळीवर तो सरकवतो. समोरच्या पडद्यावर एक ठिपका लक्ष्याकडे जातो. अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेला ‘एमआयटी-मॅनस’ हा या प्रकारचा मूळपुरुष. त्याची बाजारातली आवृत्ती ‘इनमोशन’ या नावाने ओळखली जाते.

दुसऱ्या प्रकारात अख्खा हात यंत्राच्या चौकटीत पट्ट्यांनी बसवतात. स्वित्झर्लंडच्या होकोमा कंपनीची ‘आर्मिओ’ मालिका ही याची माहीत असलेली उदाहरणं. इथे एक गोष्ट विचारून घ्या: ‘आर्मिओ पॉवर’मध्ये मोटर असते, ‘आर्मिओ स्प्रिंग’मध्ये नसते. स्प्रिंगवालं यंत्र हाताचं वजन फक्त पेलतं, हालचाल रुग्णालाच करावी लागते. ते कमी दर्जाचं असं अजिबात नाही. ज्याचा हात थोडा हलतो त्याला स्प्रिंगवालंच जास्त मेहनत करायला लावतं.

तिसरा प्रकार फक्त मनगट आणि बोटांचा. ऑस्ट्रियाचं ‘अमाडिओ’ यात मोडतं. वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज आणि आयआयटी मद्रास यांनी मिळून केलेला ‘प्लुटो’ हा छोटा, एका मोटरवर वेगवेगळे दांडे बदलून चालणारा रोबोटही याच प्रकारचा. दिल्लीत एम्स आणि आयआयटी यांनी मनगट-बोटांसाठी असंच एक यंत्र विकसित केलं आहे.

चांगल्या यंत्रात मोटर ‘लागेल तेवढीच मदत’ या तत्त्वावर चालते: रुग्णाने सुरुवात करायची, तो अडकला तर मोटर ढकलते. यातच सगळी मेख आहे. मदतीची पातळी जास्त ठेवली की हात आपोआप फिरत राहतो, पडद्यावर गुण वाढत जातात, आणि रुग्णाचा मेंदू शांतपणे काम मोटरवर सोपवून देतो. हात फिरला म्हणजे थेरपी झाली असं नाही. प्रयत्न त्याचा स्वतःचा असेल तरच मेंदूतली जोडणी बदलते.

म्हणून सेशन चालू असताना जवळ उभं राहून तीन गोष्टी पाहा. मदतीची पातळी किती टक्के आहे आणि दर आठवड्याला ती खाली येते का? एका सेशनमध्ये हालचाली किती झाल्या? रुग्णाचा चेहरा कामात आहे की पडद्यावरचा खेळ बघत बसलाय? ही माहिती मागितल्यावर टाळाटाळ झाली तर ते सेंटर बदला.

बसवण्यात होणाऱ्या चुका वेगळ्याच. चौकटीवाल्या यंत्रात खांद्याचा सांधा आणि यंत्राचा सांधा एका रेषेत यावा लागतो. वरच्या हाताची आणि पुढच्या हाताची लांबी प्रत्येक रुग्णासाठी जुळवावी लागते. घाईत आधीच्या माणसाच्या मापावर बसवलं तर प्रत्येक हालचालीला खांदा वर किंवा पुढे ओढला जातो, आणि दोन-तीन सेशननंतर रात्री खांदा दुखायला लागतो. पट्ट्याखाली दोन बोटं सरकतील इतकी जागा हवी. सेशन संपल्यावर पट्ट्यांच्या जागची कातडी पाहा. २० मिनिटांत लाली गेली नाही तर पट्टा घट्ट होता. बसवायला पहिल्या दिवशी १५ मिनिटं जातात, पुढे ५ ते १०. ४५ मिनिटांच्या सेशनमधून ही वेळ वजा होते, म्हणून विचारा की ४५ मिनिटं बसवण्यासकट की हालचालीची.

## अभ्यास काय सांगतात

अमेरिकेत निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांमध्ये झटका येऊन किमान सहा महिने झालेल्या १२७ लोकांवर एक चाचणी झाली, ती २०१० साली प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांत ३६ सेशन. एका गटाला रोबोट, दुसऱ्याला थेरपिस्टच्या हातून तितक्याच जोराची थेरपी, तिसऱ्याला नेहमीची काळजी. १२ आठवड्यांनी रोबोट आणि जोराची थेरपी यांत फरक जवळजवळ शून्य होता. नेहमीच्या काळजीपेक्षा रोबोटवाले ३६ आठवड्यांनी फुगल-मायरवर २.८८ गुणांनी पुढे होते. रुग्णाला स्वतःला जाणवावा असा फरक साधारण ४ ते ७ गुणांचा लागतो, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं खरं वजन कळतं.

त्याहून मोठी चाचणी ब्रिटनमध्ये झाली, ‘रॅटल्स’ नावाची, २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. ७७० लोक, ४५ मिनिटं, आठवड्याला तीन दिवस, १२ आठवडे. हाताच्या कामात ठरवलेली सुधारणा रोबोट गटात ४४ टक्के लोकांनी गाठली, थेरपिस्टने कामांवर बेतून दिलेल्या जादा थेरपीत ५० टक्क्यांनी, नेहमीच्या काळजीत ४२ टक्क्यांनी. आकडेशास्त्राच्या कसोटीवर तिघांत फरक ठरला नाही, आणि खर्चाच्या हिशेबात रोबोट बसला नाही.

दुसऱ्या बाजूला २०१८ चा कॉक्रेन आढावा (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा) आहे, ४५ चाचण्या आणि १६१९ रुग्णांचा. त्यात रोबोटने हाताची ताकद, हालचाल आणि रोजची कामं यांत सुधारणा दिसली, आणि इजा क्वचितच झाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. रोबोट काम करतो; पण तितकीच मेहनत माणसाने करून घेतली तर तितकाच फरक पडतो.

अडचण अशी की माणसाकडून तितकी मेहनत करून घेतली जात नाही. अमेरिका आणि कॅनडातल्या थेरपी सेशन्सचं निरीक्षण केलं तेव्हा एका सेशनमध्ये हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ निघाल्या. वरच्या सैनिकांच्या चाचणीत एका सेशनमध्ये हजाराच्या आसपास हालचाली होत होत्या. आपल्याकडे घरी येणारे थेरपिस्ट अर्ध्या तासात पाय, हात, चालणं सगळं करतात; त्यात रुग्णाने स्वतः किती हालचाली केल्या ते एक दिवस मोजून पाहा. बहुतेक वेळ थेरपिस्ट हात हलवत असतो आणि रुग्ण छताकडे बघत असतो. असली ‘पारंपरिक थेरपी’ रोबोटपुढे हरेलच, पण दोष पद्धतीचा नाही, मोजणीचा आहे.

## कोणत्या हाताला काय

पहिल्या अवस्थेत रोबोटसाठी कर्ज काढू नका. ज्या हातात प्रयत्नच उमटत नाही त्याला मोटर नुसती फिरवते, आणि सांधे मोकळे ठेवायचं ते काम घरचा माणूस दिवसातून दोनदा करू शकतो. इथे आधी खांदा सांभाळायचा, मग विजेच्या उत्तेजनाने मनगट उचलायला लावायचं, आणि आरसा थेरपी करायची. कोपरात किंवा खांद्यात हालचालीची जरा जरी चुणूक दिसली की चित्र बदलतं, म्हणून दर आठवड्याला पुन्हा तपासा.

दुसरी अवस्था ही रोबोटची खरी जागा. हात हलतो पण स्वतःचं वजन पेलत नाही, त्यामुळे रुग्ण एकट्याने पन्नास हालचालीही करू शकत नाही. यंत्र वजन काढून घेतं आणि शेकडो होतात. परवडत असेल तर आठवड्याला ३ ते ५ दिवस, ४५ मिनिटं हालचालीची, ४ ते ६ आठवडे. अट एकच: प्रत्येक रोबोट सेशननंतर लगेच किमान तेवढाच वेळ थेरपिस्टबरोबर खऱ्या वस्तूंवर काम. दांडा टेबलावर सरकवणारा हात आपोआप पेला उचलत नाही. पकडणं आणि विशेषतः सोडणं वेगळं शिकावं लागतं.

तिसऱ्या अवस्थेत रोबोट नको, स्पष्टच. या हाताला हवी ती चांगला हात बांधून ठेवण्याची थेरपी, म्हणजे चांगला हात अडवून दुखऱ्याकडूनच काम करून घेणं; ती पुढे दिली आहे.

वेळेचंही पाहा. २०२१ मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत ७२ रुग्णांपैकी काहींना २० तासांची जादा थेरपी वेगवेगळ्या वेळी दिली. झटक्यानंतर दोन ते तीन महिन्यांच्या सुमाराला सुरू केलेल्यांना सर्वात जास्त फायदा झाला; सहा महिन्यांनंतर सुरू केलेल्यांना विशेष नाही. सहा महिन्यांनंतर काहीच होत नाही असा याचा अर्थ नाही, पण मोजके पैसे असतील तर ते दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात खर्च करा. आणि पहिल्या दिवशी घाई नको: ‘अव्हर्ट’ या २१०४ रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर २४ तासांच्या आत जोरात उठवणं-चालवणं सुरू केलेल्यांचा परिणाम उलट वाईट निघाला होता.

## रोबोटविना शेकडो हालचाली

दुसऱ्या अवस्थेच्या हाताचं वजन काढून घ्यायला टेबल पुरतं.

टेबलाची उंची बसल्यावर कोपराला येईल इतकी. सनमायकाचा गुळगुळीत पृष्ठभाग असला तर उत्तम. पुढच्या हाताखाली आणि तळव्याखाली दुमडलेलं पातळ सुती कापड ठेवा, म्हणजे हात घसरतो. एक ओढणी किंवा उपरणं छातीवरून घेऊन खुर्चीच्या पाठीला बांधा: श्वास मोकळा राहील इतकं सैल, पुढे झुकता येणार नाही इतकं आवळून. हे बंधन नसेल तर रुग्ण कंबरेतून झुकून वस्तू गाठतो आणि कोपर तसंच दुमडलेलं राहतं. रुग्ण बांधलेला असताना कोणीतरी जवळ हवंच.

टेबलावर खडूने तीन खुणा करा: समोर, डावीकडे तिरकी, उजवीकडे तिरकी. सुरुवातीला खूण हात पोहोचतो त्याच्या दोन बोटं पुढे. हात सरकवत खुणेला टेकवायचा, क्षणभर थांबायचं, परत यायचं. शेजारी दोन वाट्या ठेवा, एकीत ५० राजम्याचे दाणे. प्रत्येक पूर्ण हालचालीला घरच्याने एक दाणा पलीकडच्या वाटीत टाकायचा. धड हललं, खांदा चढला तर दाणा टाकायचा नाही. हे फार साधं वाटतं, पण मोजणी सुरू झाली की हालचाली वाढतात आणि रुग्णाला स्वतःलाच पुढचा आकडा गाठायचा असतो.

पहिल्या दिवशी ५० पुरे, १०-१० च्या पाच फेऱ्यांत, मध्ये एक-दोन मिनिटं विश्रांती. दोन आठवड्यांत सकाळ-संध्याकाळ मिळून २०० ते ३०० पर्यंत न्या. दहापैकी आठ वेळा खूण गाठली की खूण तीन-चार सेंटिमीटर पुढे ढकला किंवा कापड काढून टाका. दहापैकी पाचही जमत नसतील तर मागे घ्या. सोपं काम शंभरदा केल्याने हात शिकत नाही, आणि न जमणारं काम शंभरदा केल्याने फक्त ताठरतो.

बोटं थोडी उघडू लागली की वस्तू आणा. आधी मऊ, मोठ्या: रिकामी प्लास्टिकची बाटली, घडी केलेला नॅपकिन, लिंबू. नंतर स्टीलचा रिकामा पेला, मग पाव पाणी भरून. मग वाटीतून वाटीत सुपाऱ्या, कपड्यांचे चिमटे वाटीच्या कडेला लावणं, मटार सोलणं, कणकेचे गोळे करणं, सदऱ्याची मोठी बटणं. ज्या बाईंना पोळ्या लाटायच्या आहेत त्यांना लाटणंच द्या. दोन्ही हात एकदम काम करतात आणि दुखरा हात मागे लपत नाही. कामाची निवड रुग्णाने करावी, थेरपिस्टने ती त्याच्या ताकदीला जुळवावी.

## चांगला हात बांधून ठेवणं

ही तिसऱ्या अवस्थेची थेरपी, आणि सगळ्या पद्धतींत हिच्यामागे भक्कम पुरावा आहे. अमेरिकेतल्या २००६ च्या ‘एक्साइट’ चाचणीत झटक्यानंतर ३ ते ९ महिने झालेले २२२ लोक होते; त्यांच्यातल्या एका गटाने दोन आठवडे जागेपणीचा ९० टक्के वेळ चांगल्या हातात जाड मोजा घातला आणि दुखऱ्या हाताने तासन्‌तास सराव केला. फायदा वर्षभर टिकला.

घरी इतकं जमत नाही, म्हणून सौम्य रूप वापरा: रोज ३ ते ५ तास, दोन ते तीन आठवडे, त्यातला एक-दोन तास ठरवून सराव. ओव्हनचा जाड मोजा किंवा बोटं न सुटणारा सुती मोजा चालतो. हात गळ्यात बांधू नका, तोल गेला तर सावरायला तो मोकळा हवा. चालताना, जिन्यावर, न्हाणीघरात, गॅसजवळ, गरम चहा घेताना मोजा काढायचा. जेवणातलं कोरडं, हाताने उचलायचं तेवढंच या हाताने. आमटीसाठी मोजा काढा, नाहीतर रुग्ण चिडून तिसऱ्या दिवशी सगळंच सोडतो. झटका येऊन दोनच आठवडे झाले असतील तर हे जोरात करू नका. अगदी सुरुवातीला जास्त तास दिलेल्या एका छोट्या चाचणीत हाताची सुधारणा उलट कमी झाली होती.

## आरसा आणि वीज

आरसा साधारण ४० बाय ५० सेंटिमीटर, डबल टेप लावून पुठ्ठ्यावर चिकटवलेला, रुग्णाच्या समोर मधोमध उभा. दुखरा हात मागे लपलेला, चांगल्याचं प्रतिबिंब दुखऱ्याच्या जागी दिसेल असा. चांगल्या हातातल्या बांगड्या, अंगठी, घड्याळ, मनगटाचा गंडा काढून ठेवा, किंवा दोन्ही हातांत सारखं घाला. प्रतिबिंबात परका दागिना दिसला की मेंदू तो हात आपला मानत नाही. नजर आरशातून हलू न देता मूठ उघडणं, मनगट वर करणं, अंगठा बोटांना लावणं, आणि मागे लपलेल्या हाताने तसाच प्रयत्न. रोज ३० मिनिटं, आठवड्याला पाच दिवस, चार आठवडे. १५-१५ मिनिटांचे दोन भाग केले तर लक्ष टिकतं.

विजेच्या उत्तेजनात छोट्या यंत्राची सौम्य वीज देऊन स्नायू हलवतात. त्याच्या दोन गादी-पट्ट्या (इलेक्ट्रोड) पुढच्या हाताच्या मागच्या बाजूला लागतात: एक कोपराच्या खाली, दुसरी मनगटाच्या बरीच वर. मनगट उचलून बोटं उघडली पाहिजेत. मूठ आवळली तर पट्टी चुकीच्या जागी आहे. ३० ते ४० हर्ट्‌झ, विजेच्या प्रत्येक ठोक्याची लांबी ३०० मायक्रोसेकंद, १० सेकंद चालू, १० ते २० सेकंद बंद, २० ते ३० मिनिटं. वीज आली की रुग्णाने स्वतःही मनगट उचलायचा प्रयत्न करायचा, नाहीतर अर्धा फायदा गेला. पेसमेकर असेल तर अजिबात नाही. फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. पहिली जुळवणी थेरपिस्टकडूनच करून घ्या आणि पट्ट्यांच्या जागा पेनने आखून ठेवा.

## जिथे हमखास बिघडतं

खांदा. बहुतेक घरी हात इथेच मागे पडतो. खांद्याचा सांधा स्नायूंनी धरलेला असतो. ते ढिले पडले की हाताच्या वजनानेच तो खाली सरकतो. अशा हाताला धरून उठवलं, बगलेत हात घालून ओढलं, कूस बदलताना मनगट खेचलं, की दुखणं सुरू. उठवताना कमरेच्या पट्ट्याला किंवा कमरेला धरा. बसल्यावर हात उशीवर किंवा टेबलावर, लोंबकळत नको. दुखऱ्या कुशीवर निजवताना खांदा पुढे काढून घ्या. आणि दाराला कप्पी-दोरी लावून चांगल्या हाताने दुखरा वर ओढायचा व्यायाम बंद करा: खांद्याचं पातं त्याबरोबर फिरत नाही, आणि आतले स्नायू चिमटतात. तो अजूनही सर्रास सांगितला जातो.

दुसरी चूक म्हणजे दाबायचा चेंडू. भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक तो आणतो. मूठ वळवणारे स्नायू आधीच ताठर होत असतात. कमजोर असतात उघडणारे. म्हणून दाबण्याऐवजी सोडण्याचा सराव हवा: नॅपकिन धरायचा आणि टोपलीत सोडायचा, बोटांना सैल रबर लावून ती पसरायची.

मालिश हळू हाताने, तेलाने, बोटांकडून खांद्याकडे केली तर हरकत नाही. ताठर कोपर जोर लावून सरळ करणं मात्र मालिश नव्हे, ती इजा आहे. संवेदना गेलेल्या हाताला गरम पाण्याची पिशवी देऊ नका. भाजलेलं कळत नाही.

हात अचानक सुजला, तळवा गरम आणि चकचकीत झाला, बोटं वाकवताच रुग्ण ओरडला, तर व्यायाम वाढवायची ती वेळ नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ताठरपणामुळे तळव्यात नखं रुतत असतील तर ताठर स्नायू सैल करणाऱ्या बोट्युलिनम इंजेक्शनबद्दल विचारा. त्याचा असर आठवड्या-दोन आठवड्यांत दिसू लागतो, साधारण महिन्याभराने जोरात असतो आणि तीन महिन्यांत ओसरतो. रोबोट घ्यायचाच असेल तर त्याची सेशन्स याच काळात बसवा. इंजेक्शन देऊन थेरपी न केल्यास पैसे गेले समजा.

## घरच्यांनी किती अंगावर घ्यावं

भारतातच १४ रुग्णालयांत १२५० रुग्णांवर ‘अटेंड’ ही चाचणी झाली, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटात घरच्यांना शिकवून घरीच पुनर्वसन करून घेतलं, दुसऱ्याला नेहमीची काळजी मिळाली. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन दोन्ही गटांत ४७ टक्के, फरक नाही. घरच्यांची माया कमी पडली असं यातून निघत नाही. पण थेरपिस्टची जागा घरचा माणूस एकटा भरू शकत नाही, हे निघतं. तुम्ही मोजणी, बसणं-झोपणं, रोजचा सराव सांभाळा. थेरपिस्टने आठवड्यातून एकदा तरी हात बघून काम बदलून द्यायला हवं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. जिल्हा रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांतही फिजिओथेरपी आणि काही ठिकाणी ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारी थेरपी) विभाग असतात. ऑक्युपेशनल थेरपिस्ट मिळाला तर हातासाठी त्यालाच आधी गाठा.

## रोबोट घेण्याआधी सेंटरला विचारा

कोणतं यंत्र, मोटरवालं की स्प्रिंगवालं? खांदा-कोपर की बोटं? एका थेरपिस्टकडे त्या वेळी किती रुग्ण असतात? तिघांना तीन मशीनवर बसवून एकच माणूस फिरत असेल तर तुमच्या हाताची चूक कोणी पाहणार नाही. रोबोटनंतर वस्तूंवर काम होणार का, आणि ते त्याच पैशांत का?

४० सेशनचं पॅकेज एकदम भरू नका. १२ सेशन घ्या आणि पहिल्या दिवशीची चाचणी त्याच थेरपिस्टकडून, त्याच खुर्चीत पुन्हा करून घ्या. त्याबरोबर ठोकळ्यांची चाचणी: २.५ सेंटिमीटरचे लाकडी ठोकळे एका कप्प्यातून मधल्या भिंतीवरून दुसऱ्या कप्प्यात, ६० सेकंदांत किती? बोटं पकडू लागली नसतील तर त्याऐवजी टेबलावर हात किती सेंटिमीटर पुढे जातो ते टेपने मोजा. फुगल-मायरमध्ये चार-पाच गुण वाढले असतील, किंवा हात स्पष्टपणे पुढे गेला असेल, तर पुढची १२ घ्या. मशीनच्या स्क्रीनवरचे गुण वाढले आणि या चाचण्या जागच्या जागी असतील, तर थांबा आणि उरलेले पैसे थेरपिस्टच्या तासांवर लावा.

शेवटच्या सेशनला घरी जाण्याआधी एक कागद लिहून घ्या: कोणत्या वस्तू, किती वेळा, धडाचा कोणता चुकीचा प्रकार बघायचा, आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला.